भोंगा गप्प झाला

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्ही घरचे, म्हणून सांगतो. पण आधी तो चहाचा घोट गिळा बघू, कारण मधेच तुम्हाला हसू येणार. हसा, माझी काही हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघत बसू नका, एवढंच.

तर झालं काय, की मी कुत्र्याला गप्प करायला गेलो आणि बापाला गप्प करून बसलो!

तेव्हा मी सोलापुरात, नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला होतो. लग्न नुकतंच झालं होतं. घर साखर पेठेच्या मागच्या एका बोळात. दोन खोल्या, पुढं छोटी ओसरी, मागं न्हाणी. घरात माणसं तीन. मी, माझी बायको सुमन, आणि आण्णा, म्हणजे माझे वडील.

आण्णा मूळचे कुंभारीचे. उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या माग खात्यात काढली त्यांनी. माग खातं तुम्ही कधी आतनं बघितलंय? नसेल तर बरंच झालं. एका छपराखाली शेकड्यानं माग, सगळे एकदम खडखडत असायचे. माणसानं माणसाच्या कानात बोंब मारली तरी जायची नाही. तिथले लोक ओठांवरनं आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. आण्णा काम सोडून घरी आले तेव्हा त्यांचे कान निम्म्याहून जास्त गिरणीतच राहिले होते. उजवा पार गेलेला. डाव्यात मोठा आवाज तेवढा शिरायचा.

आई होती तोवर काही वाटलं नाही. तिचा आवाजच तसा! ती भाजीवालीशी हुज्जत घालायची ती आण्णांना आतल्या खोलीत कळायची. ती गेली, आणि आण्णांशी बोलणं हे आमच्या घरात एक काम होऊन बसलं. एकच वाक्य तीन-तीनदा ओरडायचं. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत त्या वाक्यात काही दम राहायचा नाही. 'आज दुकानात एक गंमत झाली' हे तुम्ही कधी बोंबलून सांगितलंय? गंमत मरते हो! मग आपोआप वाक्यं कमी झाली. 'जेवायला चला.' 'पाणी काढलंय.' 'औषध घेतलं का?' संपलं. मुद्दाम नव्हतं काही. पण झालं खरं तसं.

आणि चौथा होता भोंगा.

भोंगा म्हणजे आमचं कुत्रं. अंगानं कोल्ह्याएवढं, तांबूस, एक कान मोडलेला. पण आवाज? गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर जागं व्हायचं ना, तसाच! म्हणून आण्णांनीच हे नाव ठेवलं. आण्णा ओसरीवर बाजेवर बसायचे, भोंगा बाजेखाली. पोस्टमन आला, भोंगा भुंकला. कावळा बसला, भोंगा भुंकला. कुणी नाही आलं तर का नाही आलं म्हणून भुंकला. आणि आण्णा खूश. म्हणायचे, "तुमी समदी तोंडातल्या तोंडात पुटपुटता. ह्यो बग कसा बोलतो! ह्येचं मला सपष्ट ऐकू येतं."

आम्ही हसायचो. ऐकून हसायचो आणि विसरायचो.

आता भिंतीला भिंत लागून नरसव्वाचं घर. तेलुगू माणसं, विणकर. पुढच्या खोलीत हातमाग. ती माझ्या आईच्या वयाची, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. घरात जागा कुठली? मागाच्या खोलीतच बाळंतिणीची बाज टाकली आणि माग बंद ठेवला. झालं! बाळ जरा डोळा मिटायचं, की इकडं भोंगा.

दुसऱ्याच दिवशी नरसव्वा दारात.

"दिगूभाऊ, माझं नातू आत्ता निजलं, आत्ता उठलं! तुमचं कुत्रं वरडतंय, मग माझं नातू वरडतंय, मग माझी पोरगी रडतंय. मी कुणाकुणाला गप करू, सांगा की!"

मला लाज वाटली. मी म्हटलं, "नरसव्वा, तुम्ही काळजी करू नका. आठवड्यात गप्प करतो की नाही बघा."

पहिल्यांदा पाणी मारलं. भोंग्याला वाटलं खेळ आहे. तो आणखी भुंकायला लागला, कारण आणखी पाणी पाहिजे होतं! मग कुणीतरी सांगितलं, भुंकला की जवळ काहीतरी मोठ्यानं आपटा, दचकून गप्प होतो. मी पत्र्याचा डबा आपटला. भोंगा दचकला नाही. बाळ मात्र असं दचकलं, की नरसव्वानं मला तेलुगूतनं काय काय म्हटलं ते मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

शेवटी गेलो कोपऱ्यावरच्या उस्मानचाचांकडं. चाचांचा टांगा. जनावरांशी बोलण्यातच त्यांचा दिवस जायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घोड्याच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाले,

"मियाँ, तुम चिल्लाको उसकू चुप करते. उने समझता, मालिक बी मेरे साथ भौंकरा! पैले घर में आवाज नीचा करो. सब का. फिर उने जरा हलकू भौंका, की दे टुकड़ा रोटी का. जोर से भौंका, तो कुछ नक्को. बस."

हे मला एकदम पटलं. घरी येऊन सुमनला सांगितलं आणि आमच्या घरात कारभार सुरू झाला.

मी आणि सुमन कुजबुजायला लागलो. नवीन लग्न, त्यामुळं ते काही जड गेलं नाही! भांडी हळू ठेवायची. दार हळू लोटायचं. रेडिओ लागला की भोंगा त्याच्यावर भुंकायचा, म्हणून मी गुपचूप रेडिओतले सेल काढून फडताळात टाकले. आण्णांना ओरडून बोलायचं तेही बंद. जेवायला बोलवायचं तर तोंडाकडं घास नेल्याची खूण. अंघोळीला बोलवायचं तर डोक्यावर तांब्या ओतल्याची खूण. आणि भोंग्यापुढं गूळ लावलेला भाकरीचा तुकडा.

काय सांगू महाराज, कुत्रं हुशार निघालं! आवाज कमी केला की तुकडा मिळतो हे त्याला कळलं. मग त्यानं आणखी कमी केला. मग आणखी. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की आवाजाची गरजच नाही, नुसता जबडा उघडला तरी हे खुळे भाकरी देतात! पोस्टमन आला की भोंगा तरातरा उठायचा, पाय रोवायचा, मान वर करायचा, जबडा वासायचा आणि आवाज काही नाही! चेहरा तोच, आवेश तोच, शेपटी ताठ. भुंकून झालं की वळून माझ्याकडं बघायचा, गूळ कुठाय?

बोळातले लोक बघायला यायचे. नरसव्वानं माझ्या तोंडावरनं हात ओवाळून बोटं मोडली. मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो. मला वाटत होतं, सर्कशीत नाव काढीन मी!

आणि आण्णांना हे सगळं कुणी सांगितलं?

मला वाटलं, सुमननं सांगितलं. सुमनला वाटलं, मी सांगितलं.

आता तुम्ही जरा आण्णांच्या बाजेवर बसून बघा. शेजारचा माग बंद. सून येते, ओठ हलवते, ऐकू काही येत नाही. मुलगा येतो, ओठ हलवतो, ऐकू काही येत नाही. जेवायला खुणेनं बोलवतात. ठीक आहे, माणसं पुटपुटतात, नेहमीचंच. पण मग समोर पोस्टमन येतो, आणि भोंगा उठून, जबडा फाडून, अंग हलवून भुंकतो. आणि तोसुद्धा ऐकू येत नाही!

मी तिथंच होतो हो. आण्णांनी भोंग्याकडं बघितलं. कानात करंगळी घातली, हलवली. परत बघितलं. पोस्टमन गेला. आण्णा बराच वेळ तसेच बसून राहिले, करंगळी कानातच.

आणि मी शहाणा मनात काय म्हणतो? मी म्हणतो, बघा, आण्णासुद्धा माझी करामत बघून थक्क झाले!

संध्याकाळी आण्णा रेडिओजवळ गेले. बातम्या ऐकायची वेळ ती. खुर्चीवर बसून डावा कान जाळीला लावून ऐकायचे. त्यांनी बटण फिरवलं. थांबले. आणखी फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. मग हळूच बंद केलं. धोतराच्या सोग्यानं रेडिओ पुसला, आईनं शिवलेला त्याचा अभ्रा होता तो वरनं चढवला आणि दोन्ही हातांनी नीट ओढून बसवला.

मी जेवत होतो. सेल काढल्याचं माझ्या ध्यानातच नाही! मला वाटलं, बातम्या नकोशा झाल्या असतील.

त्यानंतर आण्णा बोलेनासे झाले. आधीही फार बोलत नव्हते, पण आता काहीच नाही. ओसरीवरची बाज त्यांनी आत घेतली. भोंगा जवळ गेला की त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि दुसरीकडं बघायचे. एक दिवस तर रेडिओ उचलून नरसव्वाच्या दारात ठेवून आले. "पोराला ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "आमच्या घरात आता कुनी ऐकत न्हाय."

नरसव्वा रेडिओ परत घेऊन आली, कुजबुजत विचारते, "दिगूभाऊ, म्हातारं रागावलंय काय?"

सुमन म्हणाली, "मामंजी रुसलेत. कुत्र्याला गूळभाकरी आणि त्यांना रोजची आमटी! कुणाला राग येणार नाही?"

मला ते एकदम खरं वाटलं. तिनं शेंगाच्या पोळ्या केल्या, आण्णांचा जीव होता त्याच्यावर. ताट पुढं ठेवलं. त्यांनी अर्धी खाल्ली, अर्धी भोंग्याला दिली. म्हणजे राग अजून आहेच! मग मी ठरवलं, रविवारी सरळ पाय धरायचे आणि माफी मागायची.

आणि इथंच खरा घोळ झाला.

रविवारी सकाळी आण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. पायावर डोकं, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसायचा प्रश्नच नाही. आणि बाळ निजलेलं, म्हणून मी बोलतोय तेही कुजबुजत! "आण्णा, चुकलं आमचं, तुमच्याकडं लक्ष दिलं नाही." बोलता बोलता मलाच भरून आलं. आईची आठवण झाली. खांदे हलायला लागले.

आता माणसानं काय समजायचं? मुलगा पायावर पडून रडतोय. दारात सून उभी, तिच्याही डोळ्याला पदर.

आण्णा म्हणाले, "कोन गेलं?"

मी मान वर करून हातानंच खूण केली, कुणी नाही. दोन्ही तळवे उघडे केले, असे. आता ही खूण 'कुणी नाही'ची, की 'संपलं सगळं'ची, तुम्हीच सांगा!

"शांती?" आण्णा म्हणाले.

शांता माझी बहीण. माळशिरसला दिलेली. सुमननं घाबरून ओठांवर बोट ठेवलं, हळू, बाळ उठेल म्हणून. आण्णांना वाटलं, ती म्हणतेय, बोलू नका आता.

आणि आण्णांनी हंबरडा फोडला. "माजी शांती गं!"

माझ्या बापाला मी त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

पुढचं सगळं एका दमात झालं. भिंतीपलीकडनं बाळ किंचाळत उठलं. नरसव्वा धावत आली, आण्णांकडं बघितलं आणि काही न विचारता छाती बडवायला लागली. "अय्यो देवुडा!" तिची लेक बाळ घेऊन दारात. बोळातली माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, दिगूची बहीण गेली. मागच्याला ऐकू आलं, दिगूची बायको गेली. सुमन समोर उभी असून एक बाई तिच्याच गळ्यात पडून तिच्यासाठी रडली! कुणी विचारलं, बांबू आणायला कुणाला पाठवलं? उस्मानचाचा टांगा जोडून दारात हजर. "मियाँ, एस्टी स्टँड चलना क्या? बैठो, बैठो!" आणि भोंगा या सगळ्यांच्या मधोमध उभा राहून जीव तोडून भुंकत होता. नुसता जबडा!

मी आधी "नाही, नाही" म्हणून पुटपुटत होतो. कुजबुजायची सवय लागलेली ना! मग माझ्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक, मी ओसरीवर चढलो आणि इतक्या दिवसांत साठलेल्या सगळ्या आवाजानिशी ओरडलो,

"कुणी मेलं नाही!"

सगळा बोळ चिडीचूप. बाळसुद्धा.

आण्णांचा कपाळावर मारायला उचललेला हात तिथंच थांबला. "काय म्हनलास?"

"कुणी मेलं नाही आण्णा! शांता बरी आहे!"

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. "आरं," ते म्हणाले, "मला ऐकू आलं की." मग इकडं तिकडं बघत, "म्हंजी शांती बी जिती हाय, आन माजं कान बी जितं हायत?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी ओरडून ओरडून विचारलं, ते सांगत गेले, बोळ ऐकत उभा. इतके दिवस हा माणूस एकटाच समजून बसला होता, की आपण पार ठार बहिरे झालो. कुणाला बोलला नाही.

मी विचारलं, "अहो, स्वतःचा आवाज तरी येत होता की तुम्हाला!"

"त्यो आतनं येतो रं," आण्णा म्हणाले. "त्येला काय करायचं? आन बग, शेवटचं म्हनून काय ऐकलं हुतं म्हाईत हाय का? सूनबाईनं पातेलं पाडल्यालं! म्हनलं, काय नशीब! तुज्या आईचं न्हाय, लेकराचं न्हाय, येवढ्या जन्माचं शेवटचं ऐकनं म्हंजी पातेलं!"

सगळे हसले. आण्णाही हसले, डोळे पुसत. सुमन उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोड झालं. कुठलं हो! सगळे गेल्यावर आण्णांनी भोंग्याकडं बोट केलं.

"आन मग ह्येचं का ऐकू येत न्हाय?"

मी सगळी हकीकत सांगितली. गूळ, भाकरी, उस्मानचाचा, फडताळातले सेल. आण्णांनी शांतपणे ऐकलं आणि लहान पोरानं रचून सांगितलेलं ऐकून हसावं तसं हसले. "बरं," म्हणाले. म्हणजे त्यांना ते पटलंच नव्हतं! कुत्रं भुंकायचं विसरतं, असं कधी कुणी ऐकलंय?

"दाखवतो तुम्हाला," मी म्हटलं. "भोंग्या, भुंक!"

भोंग्यानं जबडा वासला आणि गुळाकडं बघितलं.

मग पुढच्या दिवसांत मी काय काय केलं! पोस्टमनला हाताला धरून आत आणलं. चाचांचा घोडा ओसरीला आणून उभा केला. नरसव्वानं मांजर दाखवलं. भोंगा उठायचा, पाय रोवायचा, जबडा! भाकरी बंद केली तर त्याला वाटलं, आपला जबडा कमी पडतोय. त्यानं आणखी मोठा वासला. पार घशातलं दिसायचं, पण आवाज म्हणून नाही. जे शिकवायला काही दिवस लागले ते विसरवायला माझी अक्कल पुरेना.

आण्णा हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे दिग्या. वरडल्यालं येतं न्हवं, मग झालं. बाकीचं जानार हुतं, गेलं." आणि परत भिंतीकडं तोंड केलं.

ते तोंड मला बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, न्हाणीच्या दाराआड गेलो, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि...

हो. भुंकलो.

हसा की! मीही हसलोच असतो. पण आतनं आण्णांची आरोळी आली, "आला! आला की रं! सूनबाई, भोंगा भुंकला, मला आला आवाज!" मी दाराच्या फटीतनं बघितलं. भोंगा बिचारा गोंधळून, शेपटी हलवत माझ्या दाराशी पळत आला होता, आणि आण्णा बाजेवर उठून बसले होते. बाज त्यांनी त्याच दिवशी परत ओसरीवर नेली. आणि सुमनला सांगितलं, "घसा बसलाय त्येचा. हळद घालून दूध दे त्येला."

भोंग्याला हळदीचं दूध मिळालं. घसा फाटला होता माझा, त्याचं कुणाला काय!

मग रोजचंच झालं. सकाळी दुकानाला जायच्या आधी न्हाणीमागं जायचं, भुंकायचं, आत यायचं. "भुंकला बग," आण्णा म्हणायचे. मी म्हणायचो, "हो का?" सुमन तोंडात पदर कोंबायची. बोळातले लोक सुरुवातीला खिडक्यांतनं बघायचे, मग त्यांना सवय झाली. नरसव्वाच्या नातवाला तर इतकी सवय झाली, की तो माझ्या भुंकण्यावर निवांत झोपायचा. "दिगूभाऊ, तुमचं आवाज कुत्र्यापेक्षा चांगलं हाय," नरसव्वा म्हणाली. हे तिनं मनापासून म्हटलं होतं. आणि मी पुन्हा आण्णांशी बोलायला लागलो. दुकानातल्या गमती समोर बसून, त्यांच्याकडं तोंड करून, मोठ्यानं सांगायचो. ते माझ्या तोंडाकडं एकटक बघत ऐकायचे. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात!

थंडीत शांताकडं जाऊन यायचं ठरलं. मी एकटाच गेलो, दोन-चार दिवस माळशिरसला राहिलो, दुपारच्या एस्टीनं परत आलो. आण्णा ओसरीवर उन्हात शेंगा फोडत बसले होते. माझ्याकडं बघून त्यांचं तोंड फुललं.

"आलास? शांती बरी हाय न्हवं? आन ह्ये बग, तू न्हवतास तर भोंग्यानं काल सकाळी निस्ता उच्छाद मांडला. लई भुंकला!"

मी सुमनकडं बघितलं. ती आण्णांच्या मागं उभी होती. तिनं हळूच मान हलवली. नाही.

मी चप्पल काढली, आत जाऊन पाणी प्यालो आणि आण्णांच्या पाठीमागं येऊन उभा राहिलो. "आण्णा," म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. मग त्या रविवारी ओरडलो होतो तितक्या मोठ्यानं ओरडलो. नरसव्वा दचकून दारात आली. आण्णा शेंगा फोडत होते. दाणे एकीकडं, फोलपटं एकीकडं.

स्वयंपाकघरात सुमन म्हणाली, "मला थोडं थोडं वाटत होतं. तुम्ही भुंकलात की भोंगा उठून दाराकडं पळतो. मामंजी आधी भोंग्याकडं बघतात, आणि मग म्हणतात, भुंकला. काल तो असाच उठून दाराशी गेला, तुम्हाला हुडकायला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही रोज किती खुशीत आत येत होता."

"आणि ते?"

"तेही तुमच्याकडं बघूनच खुशीत."

कधीपासून? ठाऊक नाही. मागावरचा माणूस, ओठांवरनं सगळं वाचत होता. आणि दाराआड कोण भुंकतंय, हे त्यांना माहीत होतं का? तेही मी कधी विचारलं नाही. विचारणार कसं हो?

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीमागं गेलो. हात तोंडाशी धरले.  मग भुंकलो, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"भुंकला बग," आण्णा म्हणाले.

"हो का?" मी म्हटलं.

आण्णा होते तोवर एक दिवस चुकवला नाही. आता हसा. अख्ख्या बोळाला माझं भुंकणं ऐकू जात होतं हो! नरसव्वाला जात होतं, तिच्या नातवाला जात होतं, कोपऱ्यावरच्या चाचांच्या घोड्याला जात होतं. एकट्या आण्णांना तेवढं जात नव्हतं, आणि मी भुंकत होतो ते फक्त त्यांच्यासाठी!